अर्धं यान दाखवणार नाही

अर्धं यान मी दाखवणार नाही.

मागणी पहिल्या ओळीत लिहायची, ही आमच्या घरची शिस्त. बाबा म्हणायचे, पत्रक हातात पडलं की माणूस एक ओळ वाचतो आणि मग घडी घालून खिशात टाकतो, नाहीतर त्यात शेंगदाणे बांधतो. म्हणून पहिल्या ओळीत काय पाहिजे ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत कुठं यायचं ते. मधला मजकूर ज्याला फुरसत आहे त्याच्यासाठी. तर हा मधला मजकूर.

नॉटिंगहॅममध्ये लेस विणण्याची एक जुनी गिरणी आहे. यंत्रं कधीच गेली, विटा तेवढ्या उरल्या. तिच्या दुसऱ्या मजल्यावर मुलांसाठी एक छोटं विज्ञानकेंद्र चालतं आणि मी तिथं खेळ दाखवते. माझा खेळ दोन यानांचा. पन्नास वर्षांपूर्वी, एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेल्या दोन देशांनी आपापलं यान वर पाठवलं, पृथ्वीभोवती फिरता फिरता ती दोन यानं एकमेकांना जोडली, आणि मधल्या बोगद्यातून दोन्हीकडच्या माणसांनी हात मिळवले. आमच्याकडे त्या दोन्ही यानांच्या प्रतिकृती आहेत. प्लायवूडच्या, चाकांवरच्या, आत एक मोठं माणूस आणि दोन-तीन मुलं मावतील एवढ्या. एक अमेरिकन, एक सोव्हिएत.

फेब्रुवारीतल्या हाफ-टर्मच्या, म्हणजे शाळांच्या आठवडाभराच्या सुट्टीआधी मॅनेजरने मला बोलावलं. त्याने बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली, तेव्हाच मला कळलं की बातमी वाईट आहे. तक्रार आली होती. सोव्हिएत यान आणि त्यावरचा झेंडा सध्याच्या दिवसांत बरा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावर कापड टाकायचं, आणि सुट्टीभर मी नुसतं अमेरिकन यान दाखवून खेळ करायचा. सुट्टी संपली की सोव्हिएत यान तळघरात जाणार. आमच्या तळघरातून परत वर आलेली एकही वस्तू मी पाहिलेली नाही. तिथून सामान थेट अंगणातल्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत जातं.

तक्रार कुणाची, असं मी विचारलं. ते सांगता येणार नाही, असं तो म्हणाला.

"हात मिळवायला दोन हात लागतात," मी म्हटलं. "एका हाताने मी मुलांना काय दाखवू? टाटा?"

त्याला हसू आलं आणि लगेच आपण हसायला नको होतं हेही त्याच्या लक्षात आलं. माणूस वाईट नाही. त्याला कुणाशीच भांडायचं नसतं, आणि म्हणून ज्याची तक्रार शेवटी येते त्याचं तो ऐकतो. मी त्याला सांगितलं की पूर्ण खेळ होणार नसेल तर मी खेळ करणार नाही. तो म्हणाला, मग तुला सुट्टीतले तास देता येणार नाहीत. माझं काम तासांवर आहे. तास नाहीत म्हणजे काम नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी एक बिस्किट घेतलं आणि बाहेर पडले.

मी पत्रकांवर वाढले. नागपूरला बाबा एका छापखान्यात मशीन चालवायचे आणि संध्याकाळी युनियनची पत्रकं लिहायचे. मला वाचायला शिकवलं ते पत्रकांनीच. "बंधूंनो आणि भगिनींनो" हे मी "कमळ" आणि "बदक" यांच्या आधी वाचलं. शाळेत बाईंनी "माझा आवडता प्राणी" यावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी गाईच्या मागण्या लिहिल्या. बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा घरी आले ते इतके खूश होते की त्यांनी येताना संत्र्याची बर्फी आणली.

त्या काळी मॉस्कोहून मराठीत मासिकं यायची, गुळगुळीत कागदाची. ती यायची बंद झाली तरी बाबांकडे गठ्ठे शिल्लक होते. त्यांचा कागद जाड, म्हणून बाबा त्याची कव्हरं माझ्या शाळेच्या पुस्तकांना घालत. माझ्या गणिताच्या पुस्तकावर ती दोन यानं होती. काळ्या आकाशात, एकमेकांना चिकटलेली. वर्षभर भागाकार करताना मी तेच चित्र बघत होते. मग आईला इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. मी नऊ वर्षांची होते. बाबा छापखाना सोडून इथं आले आणि पार्सलच्या गोदामात लागले. इंग्रजीसुद्धा मी दारात पडणाऱ्या पत्रकांतूनच शिकले. पिझ्झाची, कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांची, नर्सेसच्या संपाची. बाबा प्रत्येक पत्रक वाचून त्याला मार्क द्यायचे. पिझ्झावाल्यांना ते नेहमी वरचे मार्क देत, कारण मागणी पहिल्या ओळीत आणि पत्ता शेवटच्या.

आता खेळाबद्दल. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

या दोन देशांपुढं पहिली अडचण होती ती जोडाची. तोवर यानं जोडायची म्हणजे एकाला टोक आणि दुसऱ्याला खाच, अशी रीत होती. आता प्रश्न असा की खाच कुणी व्हायचं? दोघांपैकी एकही देश तयार नव्हता. कितीही हसू आलं तरी हे खरं आहे. मग इंजिनियरांनी दोन्ही यानांना सारखीच कडी बसवली. तिला तीन पाकळ्या. जो पुढाकार घेईल त्याने आपली कडी पुढं काढायची, समोरच्याने आपली मागे घ्यायची. पुढच्या वेळी उलट. आणि त्यांनी खरोखर दोनदा जोडणी केली. आधी अमेरिकेची कडी पुढं, सोव्हिएतांची मागे. मग यानं सुटी करून पुन्हा, सोव्हिएतांची पुढं, अमेरिकेची मागे.

दुसरी अडचण भाषेची. तिच्यावर त्यांनी काढलेली तोड मला अजून थक्क करते. प्रत्येकाने समोरच्याच्या भाषेत बोलायचं. अमेरिकन रशियन बोलायचे, रशियन इंग्रजी. परकी भाषा बोलताना माणूस सावकाश बोलतो, सोपं बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याला सगळं कळतं. ज्याला आपली भाषा झाडायची सवय आहे त्याला हे कठीण जातं, आणि ते तसं जायलाच हवं.

माझ्या खेळात मुलांचे दोन गट दोन यानांत बसतात. आत हँडल आहे, ते फिरवलं की कडी पुढं येते किंवा मागे जाते. आमच्याकडच्या शाळांत घराघरांतून उर्दू, पोलिश, पंजाबी, रोमानियन, काय वाटेल ते बोललं जातं. दोन्ही गटांनी एकमेकांकडून दोन-चार शब्द शिकायचे आणि जोडणी होईपर्यंत समोरच्याच्याच भाषेत बोलायचं. इंग्रजी बंद. मधल्या वेळात मी सोव्हिएत यानातून रशियन वाक्यं म्हणते. ती मी बाबांच्या जुन्या पाठ्यपुस्तकातून पाठ केली होती. शेवटी जेवण. सोव्हिएतांनी पाहुण्यांपुढं व्होडका लिहिलेल्या ट्यूब ठेवल्या होत्या आणि आत बीटचं सूप निघालं होतं, बोर्श्ट. हे ऐकून मुलं हमखास हसतात.

तर मॅनेजरने तास काढून घेतल्यावर मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं. बाबा माझ्या खांद्यामागून वाचत होते. ते आता निवृत्त आहेत, पण त्या संध्याकाळी त्यांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचं वारं आलं. त्यांनी माझी तीन विशेषणं काढली आणि "मैत्री" हा शब्द दोनदा घातला. "काहून घाबरून लिहून राहिली?" ते म्हणाले. "दोन महान देशांची मैत्री झाकून टाकली, असं सरळ लिही ना."

आईने विचारलं की नोकरी गेली तर घरभाड्यातला माझा वाटा कोण देणार. बाबा म्हणाले, हा प्रश्न पत्रकात घेता येणार नाही. आई म्हणाली, म्हणूनच मी पत्रकं वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीच्या दारात उभी राहिले. माझी सुट्टी होती, फूटपाथ कौन्सिलचा होता, कुणी मला काही म्हणू शकत नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. आईबाप मुलांना आत लोटता लोटता पत्रक घेत होते, आणि काही जण खरंच वाचत होते. मॅनेजर खिडकीत येऊन गेला. तेवढ्यात आमची इलेक्ट्रिकल इंजिनियर आली.

ती कीव्हची. युद्ध सुरू झाल्यावर इथं आली. केंद्रातल्या सगळ्या यंत्रांची वायरिंग तीच बघते, आणि तिचं वर्कशॉप माझ्या खेळाच्या खोलीला लागून आहे, मध्ये एक पातळ भिंत. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, कमी बोलणारी, आणि जे बोलेल ते थेट. आमची जुजबी का होईना, बरी ओळख होती. ती मला "पत्रकवाली" म्हणायची. मी तिला एकदा आईच्या हातचा चिवडा दिला होता आणि तिने त्यातले शेंगदाणे तेवढे खाल्ले होते.

तिने छत्री मिटली, पत्रक घेतलं आणि तिथंच उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग घडी न घालता मला परत दिलं.

"तक्रार माझी आहे," ती म्हणाली. "वर ये. इथं थंडी आहे."

स्टाफच्या खोलीत तिने किटली लावली. मी तयारीत होते. तक्रार करणारा कुणी तरी कोट घातलेला, पेपर वाचून घाबरलेला ट्रस्टी असेल, अशी माझी कल्पना होती आणि त्याच्यासाठी माझ्याकडे वाक्यं होती. हिच्यासाठी नव्हती. पण मागे हटायचं नाही हेही ठरलेलं होतं. मी म्हटलं, तुझ्यावर काय गुदरलं असेल त्याची मला कल्पना येणार नाही, पण इतिहासावर कापड टाकायचं नसतं. वर अवकाशात आजही आंतरराष्ट्रीय स्थानक फिरतं आहे. त्यात आजही दोन्हीकडची माणसं एकत्र राहतात. युद्ध सुरू झालं तरी ते तुटलं नाही. हे मुलांना सांगायचं नाही का?

"का तुटलं नाही ते सांग की," ती म्हणाली. "एका बाजूचे सौरपंख वीज देतात. दुसऱ्या बाजूची इंजिनं ते खाली घसरू देत नाहीत. एकाने सोडलं तर दोघंही मरतात. तू याला मैत्री लिहिलंस."

तो शब्द बाबांचा होता. पण पत्रक मी वाटत होते.

मग ती बोलत राहिली, तशी ती एरवी बोलत नाही. तिच्या घरात लहानपणापासून रशियनच बोलली जायची. आईशी, शाळेत, स्वप्नातसुद्धा. बॉम्ब पडायला लागल्यावर तिने ती भाषा सोडली. तिची आई अजून तिथंच आहे. फोनवर दोघी युक्रेनियनमध्ये बोलतात आणि आईला भाजीची नावंसुद्धा आठवावी लागतात. अशा वेळी रोज भिंतीपलीकडून माझा आवाज येतो, जुन्या रेडिओसारख्या उच्चारांत: या तिब्या स्लीशू. तू मला ऐकू येतेस.

"आणि ते सूप," ती म्हणाली. "बोर्श्ट आमचा. त्यांच्या पाहुणचारातलं तेवढं सूपही त्यांचं नव्हतं, आणि तू रोज रशियनांनी सूप दिलं म्हणून मुलांना हसवतेस."

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले, आणि तीही हसली, अगदी थोडं.

पण मी मानलं नाही. मी म्हटलं, तुला त्रास होतो म्हणून मी माझे शब्द बदलीन, सूप ज्याचं त्याला देईन, पण यान तळघरात जाऊ देणार नाही. ते यान बनवणारे सगळे रशियन नव्हते ना? मग ते फेकलं तर कुणाकुणाचं काम फेकलं जाईल? ती मग म्हणाली, तिची मावशी कीव्हमधल्या एका कारखान्यात होती. स्थानकाकडे जाणाऱ्या यानांना वाट दाखवणारी रेडिओयंत्रं तिथं बनायची. मावशीला त्याचा अभिमान होता. मावशी आता नाही.

"तू खेळात रशियन का बोलतेस?" तिने एकदम विचारलं.

मी नियम सांगितला. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलायचं.

"मुलांपैकी कुणाला रशियन कळतं?"

"नाही."

"भिंतीपलीकडे कोण ऐकतं?"

किटली कधीच बंद झाली होती. चहा कुणीच केला नव्हता. माझ्याच नियमाने मी पकडली गेले होते, आणि मला त्याचा राग आला नाही. नियम चांगला असला की तो आपल्यालाही पकडतोच.

आम्ही तिथंच ठरवलं. सुट्टीतल्या शनिवारी पूर्ण खेळ करायचा. परवानगी मागायची नाही, कारण मागितली तर मॅनेजर विचार करतो म्हणेल, आणि त्याचा विचार तळघरात संपतो. मी युक्रेनियन बोलायचं, तिने मराठी. झेंड्याचं काय, असं मी घाबरत विचारलं. ती म्हणाली, रंगवलेला आहे तसा राहू दे. त्याच्याखाली माझी मावशीही राबली, तिला कुणी विचारलं नव्हतं. पण त्या यानात मी बसणार नाही. मी अमेरिकन यानात बसेन. आणि तू सगळ्यांना मिळून "रशियन" म्हणणार नाहीस.

मी हो म्हटलं. मग आम्ही एकमेकींना वाक्यं शिकवली. तिचा "ळ" काही केल्या येईना. मी म्हटलं, सोड, "ळ" नसलेलं बोल. ती म्हणाली, सोडणार नाही.

घरी मात्र भांडण झालं. बाबांना वाटलं मी फितूर झाले. त्या यानात युक्रेनियन बोललीच गेली नव्हती, हा खेळ खोटा होईल, ते म्हणाले. मी म्हटलं, उर्दू आणि पोलिशही बोलली गेली नव्हती, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ते म्हणाले, तो देश कामगारांचा होता. मी म्हटलं, बाबा, तो देश आता नाही, आणि त्याच्या नावाने कोण कुणावर बॉम्ब टाकतं आहे ते तुम्ही रोज बातम्यांत बघता आणि आवाज बंद करता. हे मी याआधी कधी बोलले नव्हते. आईने डाळीखालचा गॅस बारीक केला.

"तू मला शिकवून राहिली?" बाबा म्हणाले.

"तुमचंच शिकवलेलं परत देते आहे," मी म्हटलं. "ज्याच्यावर अन्याय होतो त्याला आधी बोलू द्यायचं. कुठल्या पत्रकात लिहिलं होतं ते शोधून देऊ?"

ते उठून बाल्कनीत गेले. ते शनिवारी येणार नाहीत असं मी धरून चालले.

शनिवारी मी यानावरचं कापड काढलं. घडी घालून मॅनेजरच्या खुर्चीवर ठेवलं. लपवाछपवी मला जमत नाही. खोली भरली होती. सुट्टी, पाऊस आणि माझं पत्रक, तिन्हींचा गुण असावा. आई दुसऱ्या रांगेत होती आणि तिच्या शेजारी बाबा, कोट न काढता, हाताची घडी घालून. मॅनेजर दाराशी उभा राहिला. त्याने कापड पाहिलं होतं. एवढ्या आईबापांसमोर खेळ थांबवण्याचा माणूस तो नव्हता, हे मला माहीत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला. त्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

मी मुलांना सांगितलं की हे यान ज्या देशाचं तो आता नकाशावर नाही, आणि ते बनवणारी माणसं आज एकमेकांविरुद्ध लढत आहेत. मागे कुणीतरी खाकरलं. मी सांगितलं की ही यानं वर गेली तेव्हाही त्या दोन देशांत मैत्री नव्हती. तरी जोडली. का जोडली ते तुम्ही मोठे झालात की भांडून ठरवा.

मग मी सोव्हिएत यानात शिरले, ती समोर अमेरिकन यानात. दोघींबरोबर मुलं. चाकांवरून यानं जवळ आली.

"या तेबे चुयू," मी म्हटलं. तू मला ऐकू येतेस. तिच्या भाषेत.

"मला पण ऐकू येते," ती म्हणाली. मराठीत, सावकाश, एकेक शब्द ठेवत.

यानं आणखी जवळ आली आणि खाडकन आपटली. माझ्या यानातली पोरं एकमेकांवर पडली. तिची कडी पुढं, माझीही कडी पुढं. शब्द पाठ करण्याच्या नादात आधी मागे कुणी घ्यायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी दोन देशांनी जे सोडवलं होतं त्यात आम्ही दोघी सगळ्यांसमोर अडकलो होतो. मुलांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. "मागे घ्या, मागे घ्या," मुलं ओरडायला लागली, पण कुणी ते मुलांनाही सांगता येत नव्हतं.

पाकळ्यांच्या फटीतून मला तिचा चेहरा दिसत होता. माझा हात हँडलवर होता आणि तो फिरत नव्हता. मी लहानपणापासून मागे न घेण्याचंच शिक्षण घेतलं होतं.

"आधी तू," ती म्हणाली. "मागे."

ही मागणी होती. पहिल्याच ओळीत, साफ. मी हँडल फिरवलं. माझ्या पाकळ्या मागे गेल्या, तिच्या पुढं आल्या आणि बसल्या. कड्या जुळल्या, तिने लावलेला हिरवा दिवा पेटला, मधलं दार उघडलं. मुलं दोन्हीकडून बोगद्यात घुसली. आम्ही हात मिळवले. तिचा हात थंड होता आणि तिने माझा घट्ट धरला.

टाळ्या झाल्या. पण नियमाप्रमाणे खेळ अजून अर्धाच झाला होता. यानं सुटी झाली, थोडी दूर गेली, पुन्हा जवळ आली. आता माझी कडी पुढं होती. तिने आपली मागे घ्यायची होती. त्या झेंड्यासमोर.

ती हँडलला हात लावून बसून राहिली. मुलं कुजबुजली. तिच्या यानातल्या एका मुलीने तिला हळूच कोपर मारलं.  माझ्याकडे युक्रेनियनमध्ये "कृपया" होतं आणि ते मी मुद्दाम वापरलं नाही.

"आज नाही," ती म्हणाली.

हे दोन शब्द मी तिला शिकवले नव्हते. रोज संध्याकाळी आई फोन करते, जेवायला घरी येतेस का विचारते, आणि मी वर्कशॉपच्या भिंतीला टेकून तिला हेच सांगते. भिंत दोन्हीकडून पातळ होती. दुसऱ्या रांगेतून आईचं हसू ऐकू आलं.

मी यानातून बाहेर आले आणि मुलांना म्हटलं, वर आकाशात दुसरी जोडणी झाली होती. इथं अजून झालेली नाही. का नाही, ते या बाई सांगतील, त्यांना सांगावंसं वाटलं तर. ती बाहेर आली आणि यानाला टेकून उभी राहिली. तिने मावशीबद्दल सांगितलं. मग सूप कुणाचं ते सांगितलं. हसण्याची जागा तीच राहिली, फक्त आता हसू योग्य पत्त्यावर गेलं.

सोमवारी मॅनेजरने मला तोंडी ताकीद दिली. आपण ती दिली आहे हे दोनदा सांगितलं आणि पुढच्या महिन्याचे तास माझ्यासमोर ठेवले. कापडाबद्दल तो काही बोलला नाही. ते आता वर्कशॉपमध्ये आहे, तिने त्यावर हत्यारं मांडली आहेत. यान तळघरात गेलेलं नाही. जाऊ देणार नाही.

बाबा शनिवारी परतताना ट्रॅममध्ये माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी माझं पत्रक टेबलावर पसरलं, चष्मा लावला आणि "मैत्री" हा शब्द दोन्ही ठिकाणी खोडला.  त्याजागी दुसरा शब्द लिहायला त्यांनी पेन टेकवलं, थांबले, आणि जागा मोकळी सोडली.

"सुचला की सांग," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिला घरी जेवायला बोलाव. अन् त्या सुपाचं तिला नीट विचार, मला बीट चालतं."

तिला मी दर शनिवारी विचारते, आज? ती दर शनिवारी पहिल्यांदा कडी पुढं काढते, जोडते, दार उघडते, हात मिळवते. दुसऱ्यांदा नाही म्हणते. तिने कधी तरी हो म्हणावं म्हणून मी हे लिहीत नाही. नाही म्हणायला तिला यान समोर लागतं, आणि मला ते यान तिच्यासमोर ठेवायचं आहे. दोन्ही यानं, अख्खी, आणि मधली न मिटलेली फट.

लेसची जुनी गिरणी, दुसरा मजला, वर्कशॉपशेजारची खोली. शनिवारी दुपारी.